कुठले सभापती, कुठले अध्यक्ष? निवडून येणाऱ्या पदांची नावं समजून घेताना

2021 च्या जानेवारीत मी पहिल्यांदा ग्रामपंचायत सदस्य झाले. आमचं गाव गोदावरीपासून फार लांब नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गावाला डांबरी रस्त्याशी जोडणारा नळकांडी पूल ओढ्यानं वाहून नेला. दूध अडकलं, दवाखाना अडकला. मी स्वतः अर्ज लिहिला. वर 'मा. सभापती साहेब' असं घातलं, खाली गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि तालुक्याला पंचायत समितीत नेऊन दिला.

तो रस्ता जिल्हा परिषदेचा होता. अर्ज जायला हवा होता जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीच्या सभापतींकडं. माझ्या कागदावर नुसतंच 'सभापती' होतं, कुठले ते लिहिलेलं नव्हतं. पाच महिने तो कागद एका टेबलावर पडून राहिला. मला पत्ता लागेपर्यंत 2022 चा मार्च आला, जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसले आणि ज्यांना भेटायचं ते सभापतीपदच रिकामं झालं. तो सगळा पुढचा पावसाळा आमच्या लेकरांनी ओढ्यातून काढला.

तेव्हापासून मी एका वहीत पदांची नावं लिहायला लागले. कोण कुठं बसतं, त्यांना कुणी निवडून दिलं, त्यांची सही कशावर चालते. नव्यानं सदस्य झालेल्यांना, बदली होऊन गावात आलेल्या गुरुजी-बाईंना, बचत गटाच्या कामानं पहिल्यांदा तालुक्याला जाणाऱ्या बायकांना उपयोगी पडावं म्हणून त्या वहीतलं इथं मांडते.

सुरुवातीला जवळ काय ठेवायचं

- एक जाड वही. मोबाईलमध्ये लिहून ठेवलेलं खिडकीशी उभं राहिल्यावर सापडत नाही.
- मतदार यादीतलं आपलं पान. विधानसभा मतदारसंघ त्यावरच असतो.
- आपल्या गावाचा प्रभाग क्रमांक, पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट. हे तिन्ही ग्रामपंचायतीत विचारलं की सांगतात.
- सोसायटी, पतसंस्था किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासद असाल तर तिच्या उपविधींची प्रत. लोक त्यांना पोटनियम किंवा बायलॉज म्हणतात.
- ट्रस्ट किंवा मंडळ असेल तर त्याची घटना.

1. पदाधिकारी की अधिकारी, हे आधी ठरवा

हे दोन शब्द ऐकायला भावंडांसारखे आहेत, पण अर्थानं वेगळे. पदाधिकारी निवडून येतो, त्याची मुदत ठरलेली असते, आणि मुदत संपली की तो माजी होतो. अधिकारी नेमलेला असतो. त्याची बदली होते, पराभव होत नाही. सरपंच पदाधिकारी, ग्रामसेवक अधिकारी. पंचायत समितीत सभापती पदाधिकारी, गटविकास अधिकारी नावाप्रमाणंच अधिकारी. जिल्हा परिषदेत अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, नगर परिषदेत नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी, महानगरपालिकेत महापौर आणि आयुक्त. प्रत्येक ठिकाणी अशी जोडी आहे, ती जोडीनंच पाठ करा. ठराव एकाकडं होतो, अंमलबजावणी दुसऱ्याकडं.

अलीकडं ग्रामसेवकांचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. गावात अजून जुनंच नाव चालतं. अर्जात मात्र नवं लिहा.

पदावर माणूस कोणत्या वाटेनं आला, हे सांगणारे शब्द पुढच्या पायरीवर लागतात:

निर्वाचित म्हणजे मतदानानं निवडून आलेला. बिनविरोध किंवा अविरोध म्हणजे एकच अर्ज उरल्यानं मतदान न होता निवडून आलेला; तोही पूर्णपणे निर्वाचितच. नामनिर्देशित म्हणजे वरून नाव दिलेला. पालिकेत अशा सदस्याला लोक स्वीकृत नगरसेवक म्हणतात. पदसिद्ध म्हणजे एका पदावर असल्यामुळं दुसरं पद आपोआप मिळालेला: पंचायत समितीचे सभापती जिल्हा परिषदेचेही सदस्य असतात, त्यासाठी वेगळी निवडणूक होत नाही. उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, तेही पदसिद्धच.

इथं एक शब्द फसवतो, तो म्हणजे 'लोकनियुक्त'. त्यात 'नियुक्त' दिसतं, म्हणून नेमलेला असं वाटतं. पण लोकनियुक्त सरपंच म्हणजे गावानं थेट मत देऊन निवडलेला सरपंच.

आणि 'प्रशासक' हा निवडून आलेला नसतो. मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही की तो येतो. 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पालिका कैक महिने प्रशासकांच्या हाती होत्या. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होते, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. म्हणून कुठल्याही पदाधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा: सध्या तिथं सदस्य बसलेत की प्रशासक?

2. गावातली पदं

ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणं 7 ते 17 सदस्य असतात. लोक त्यांना मेंबर म्हणतात, कुठं पंच म्हणतात. सरपंचाची निवड कशी होते, यावर गावोगाव वाद ऐकू येतात, कारण नियम थोड्या वर्षांत तीनदा बदलला. 2017 ला थेट जनतेतून निवड आली, 2020 ला ती रद्द होऊन सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा असं ठरलं आणि 2022 ला पुन्हा थेट निवड आली. आमच्या गावात 2021 ला आम्ही सदस्यांनी सरपंच निवडला. शेजारच्या गावात 2022 च्या डिसेंबरात गावानं थेट निवडला. दोन्ही सरपंचच, अधिकारही तेच, फक्त वाट वेगळी. उपसरपंच मात्र सदस्यांमधूनच निवडला जातो.

सरपंच नसेल तेव्हा उपसरपंच कारभार बघतो, तेव्हा त्याला प्रभारी सरपंच म्हणतात. राजीनाम्याची वाटही लक्षात ठेवा: सदस्य आणि उपसरपंच राजीनामा सरपंचाकडं देतात, सरपंच पंचायत समितीच्या सभापतींकडं. चुकीच्या हातात दिलेला राजीनामा हा राजीनामाच धरला जात नाही.

गावात आणखी काही माणसांना मान असतो, पण ती पदं वेगळ्या जातीची. पोलीस पाटील निवडून येत नाहीत. 1967 च्या कायद्यानुसार त्यांची नेमणूक होते. निजामाच्या राजवटीत पाटील-पटवारी वंशपरंपरेनं असत, त्यामुळं आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'पाटील' हे आडनाव, वतन आणि पद असं तिन्ही एकत्र येतं. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष ग्रामसभा ठरवते. तंटामुक्त गाव मोहीम 2007 ला सुरू झाली. तलाठी महसूल खात्याचे, त्यांचंही पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे.

सापळा: 'सरपंचपती' असं कुठलंही पद कायद्यात नाही. आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. सरपंच बाई असतील तर सही त्यांची, खुर्ची त्यांची, अर्जही त्यांच्याच हातात द्यायचा. बैठकीत नवरा किंवा दीर बसून उत्तरं देत असेल तर तुम्ही सरळ म्हणा, 'ताई, तुम्हीच सांगा.' मी स्वतः हे अनेकदा म्हटलं आहे. पहिल्यांदा शांतता पसरते, पण दुसऱ्या बैठकीपासून ताई स्वतः बोलायला लागतात.

3. प्रभाग, गण, गट, मतदारसंघ

प्रत्येक निवडणुकीचं शिवार वेगळं असतं. ग्रामपंचायतीचा प्रभाग किंवा वॉर्ड. पंचायत समितीचा गण. जिल्हा परिषदेचा गट. एका गटात दोन गण येतात, म्हणजे तुमच्या गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य आणि पंचायत समितीचे दोन सदस्य निवडून येतात. 'आपल्या गणाचे मेंबर' आणि 'आपल्या गटाचे मेंबर' हे एक नव्हेत. ऐकताना नीट कान द्या, फोनवर ही दोन अक्षरं सारखीच ऐकू येतात.

विधानसभा आणि लोकसभेला मतदारसंघ म्हणतात, आणि तिथं जिल्ह्याची हद्द पाळलेली नसते. पैठण, फुलंब्री आणि सिल्लोड छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण लोकसभेला ते जालना मतदारसंघात. परतूर आणि घनसावंगी जालना जिल्ह्यातले, लोकसभेला परभणीत. लोहा नांदेड जिल्ह्यात, लोकसभेला लातूरला. हिंगोली मतदारसंघात विदर्भातलं उमरखेड येतं. म्हणून 'आमच्या जिल्ह्याचे खासदार' असं लिहिण्याआधी आपण कुठल्या लोकसभेत येतो ते बघा. त्यात जिल्ह्यांची नावं बदलली आहेत, पण 2024 च्या निवडणुकीत मतदारसंघांची नावं औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशीच होती.

4. सभापती: सगळ्यात जास्त गोंधळाचं पद

या पायरीवर मी तुम्हाला थांबवणार आहे, कारण माझा पूल इथंच अडकला.

सभापती म्हणजे सभेचा पती, सभा चालवणारा. म्हणजे आधी सभा कुठली ते कळायला हवं. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात 'सभापती आले' असं कुणी म्हटलं तर ते पुढच्यापैकी कुणीही असू शकतात:

पंचायत समितीचे सभापती. गणांतून निवडून आलेले सदस्य आपल्यातून अडीच वर्षांसाठी त्यांना निवडतात. तालुक्यात नुसतं 'सभापती' म्हटलं की बहुतेक हेच.

जिल्हा परिषदेच्या विषय समितीचे सभापती. बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा समित्या असतात आणि एका सभापतीकडं कधी दोन समित्याही असतात. स्थायी समिती मात्र जिल्हा परिषद अध्यक्षांकडंच असते. म्हणून 'जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीचे सभापती' असं कुणी लिहून दिलं तर ते दुरुस्त करून घ्या.

कृषी उत्पन्न बाजार समितीचे सभापती. हे सहकाराच्या वाटेनं येतात. त्यांचा तुमच्या रस्त्याशी काही संबंध नाही, पण सोयाबीनच्या वजनात मापात काही गडबड झाली, तर दार त्यांचंच.

पालिकेतल्या समित्यांचे सभापती: पाणीपुरवठा, स्वच्छता वगैरे. महानगरपालिकेत स्थायी समितीचे सभापती फार वजनदार, कारण खर्चाचे प्रस्ताव त्यांच्या समितीपुढं येतात.

आणि मुंबईत विधान परिषदेचे सभापती, दिल्लीत राज्यसभेचे सभापती.

विधिमंडळापुरती एक खूण लक्षात ठेवा. जनतेतून थेट निवडलेल्या सभागृहाचे अध्यक्ष असतात (विधानसभा, लोकसभा), आणि दुसऱ्या सभागृहाचे सभापती (विधान परिषद, राज्यसभा). त्यांच्या दुय्यमांनाही तीच रीत: तिथं उपाध्यक्ष, इथं उपसभापती. ही खूण खाली जिल्ह्यात लावू नका. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती दोन्ही थेट निवडल्या जातात, तरी एकीला अध्यक्ष आणि दुसरीला सभापती आहे. तिथं पाठांतराला पर्याय नाही.

सापळा: बाई असल्या तरी पद 'सभापती'च राहतं. 'सभापत्नी' असं कुणी चुकूनही लिहू नये. मी एका सत्काराच्या फलकावर ते पाहिलं आहे आणि त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. 'अध्यक्षा' लिहिलेलं चालतं, पण कार्यालयीन कागदावर 'अध्यक्ष' लिहिणं सुरक्षित. सरपंच, महापौर, नगरसेवक हे शब्द कायद्याच्या कागदावर दोघांसाठी तेच. बोलताना नगरसेविका म्हणतात.

5. अध्यक्ष, आणि शहरातली पदं

आपल्याकडं मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या महानगरपालिका आहेत. जालन्याची सगळ्यात नवी, 2023 ची. तिथं महापौर आणि उपमहापौर, दोघांनाही नगरसेवक निवडतात, महापौराची मुदत अडीच वर्षं. बीड, धाराशिव, हिंगोली ही जिल्ह्याची ठिकाणं असली तरी तिथं नगर परिषद आहे, म्हणून नगराध्यक्ष. काही तालुक्यांच्या गावी नगरपंचायत. तिथंही नगराध्यक्षच, आणि 17 नगरसेवक. नगरपंचायतीच्या नावात 'पंचायत' आहे म्हणून तिथं सरपंच शोधत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. गावाची नगरपंचायत झाली की सरपंचपद संपतं.

'अध्यक्ष' या शब्दाचा खरा धोका पक्षाच्या पदांत आहे. 'जिल्हाध्यक्ष' हे राजकीय पक्षाचं पद. 'जिल्हा परिषद अध्यक्ष' हे सरकारी सभागृहाचं पद. पहिल्यांना तुमच्या कामाच्या कागदावर सही करण्याचा काहीच अधिकार नाही. तालुकाध्यक्ष, तालुकाप्रमुख, जिल्हाप्रमुख, शहराध्यक्ष ही सगळी पक्षाची पदं. त्यांच्या लेटरहेडवर मिळालेलं पत्र शिफारस म्हणून जोडता येतं, मंजुरी म्हणून नाही. आमच्या बचत गटातल्या एका बाईंनी असं पत्र हाती घेऊन घरकुल मंजूर झालं असं समजून जुनं घर पाडायला काढलं होतं. वेळेवर कळलं म्हणून भिंती राहिल्या.

एकच शब्द किती उंचीवर जातो हे बघायचं असेल तर लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर आठवा. लातूरचे नगराध्यक्ष, पुढं महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष, आणि 1991 ते 1996 लोकसभेचे अध्यक्ष. तिन्ही ठिकाणी 'अध्यक्ष', पण पहिल्या खुर्चीत गावाच्या नळाला पाणी का नाही याचं उत्तर द्यावं लागतं आणि शेवटच्या खुर्चीत देशाचं सभागृह चालवावं लागतं.

6. आमदार दोन प्रकारचे, खासदारही दोन प्रकारचे

विधानसभेचे सदस्य आमदार आणि विधान परिषदेचे सदस्यही आमदार. पत्रावर पहिल्यांच्या नावापुढं वि.स.स. असतं, दुसऱ्यांच्या वि.प.स. तसंच लोकसभेचेही खासदार आणि राज्यसभेचेही खासदार. राज्यात विधानसभेच्या 288 जागा, विधान परिषदेच्या 78, लोकसभेच्या 48 आणि राज्यसभेच्या 19. मराठवाड्याच्या वाट्याला विधानसभेच्या 46 आणि लोकसभेच्या 8 येतात.

विधानसभेच्या आमदाराला तुम्ही-आम्ही निवडतो. विधान परिषदेच्या 78 जणांची वाट पाच प्रकारची: 30 जण विधानसभेचे आमदार निवडतात, 22 स्थानिक संस्थांचे सदस्य, 7 पदवीधर, 7 शिक्षक, आणि 12 जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. त्यांची मुदत सहा वर्षं. परिषद कधी पूर्ण बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. 'निवृत्त' हा शब्द इथं मुदत संपली या अर्थानं येतो.

पदवीधर असाल तर हे ध्यानात ठेवा: औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी असते आणि ती प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून याही वेळी असेल असं धरू नका. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात, अर्ज नमुना 18. शिक्षकांसाठी नमुना 19.

ग्रामपंचायत सदस्य झाल्यावर मला वाटलं होतं की स्थानिक संस्थांच्या त्या 22 जागांना माझंही मत आहे. ते नाही. तिथं जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समिती सभापती आणि नगरसेवक मत देतात. माझं मत होतं बाजार समितीत, ते पुढं सांगते.

मंत्र्यांबद्दल थोडंच. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री ही पदं निवडणूक जिंकल्यावर मिळणारी, पण त्या पदावर मतदान होत नाही. राज्यपाल नेमणूक करतात. पालकमंत्री म्हणजे जिल्ह्याची जबाबदारी दिलेला मंत्री, जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष. तो त्याच जिल्ह्यातला असायलाच हवा असं नाही. विरोधी पक्षनेता, गटनेता, प्रतोद ही सभागृहातली पदं. प्रतोद म्हणजे पक्षाचा आदेश, अर्थात व्हीप, बजावणारा.

ही शिडी एका माणसाच्या आयुष्यात बघायची तर विलासराव देशमुख. बाभळगावचे सरपंच, लातूर पंचायत समितीचे उपसभापती, विधानसभेचे आमदार, दोनदा मुख्यमंत्री, पुढं राज्यसभेचे खासदार म्हणून केंद्रात मंत्री. यातलं प्रत्येक पद कुणी निवडलं असेल, हे एकदा वहीत लिहून बघा. माझ्या बचत गटातल्या बायकांना मी हेच करायला लावते. पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळतं.

7. सहकारातले शब्द

गावात सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. तिथं सभासद संचालक निवडतात आणि संचालक आपल्यातून चेअरमन आणि व्हाईस चेअरमन. आमच्या सोसायटीत 13 संचालक आहेत. कागदावर अध्यक्ष-उपाध्यक्ष लिहिलेलं असलं तरी ती चेअरमन-व्हाईस चेअरमनचीच पदं, हे माणसं जाणतात. साखर कारखाना आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेतही हीच रचना. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत.

सभासदांतही फरक असतो. नाममात्र सभासदाला मत नसतं. थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही, म्हणून अर्ज भरण्याआधी बेबाकी दाखला, म्हणजे काही थकलेलं नाही असा दाखला घ्या.

बाजार समितीत 18 संचालक: सोसायट्यांच्या मतदारसंघातून 11, ग्रामपंचायत मतदारसंघातून 4, व्यापारी-अडत्यांचे 2 आणि हमाल-मापाऱ्यांचा 1. ग्रामपंचायत मतदारसंघात मत देतात ग्रामपंचायतींचे सदस्य. 2023 च्या एप्रिलमध्ये मी ते मत दिलं. पहिल्यांदा हाती आलेली ती मतपत्रिका नीट वाचून घ्या: चार जागा वेगवेगळ्या प्रवर्गांच्या असतात आणि कुठं किती शिक्के मारायचे ते ठरलेलं असतं. जास्त शिक्के मारले की ते मत बाद.

सापळा, आणि मोठा: 'सचिव' आणि 'कार्यकारी' हे दोन शब्द.

सोसायटीचा गटसचिव पगारी कर्मचारी. बाजार समितीचा सचिवही पगारी. पण शिक्षण संस्थेचा सचिव निवडून आलेला पदाधिकारी असतो, गृहनिर्माण संस्थेचाही. आणि मंत्रालयातले सचिव हे सनदी अधिकारी. तसंच कारखान्याचा कार्यकारी संचालक नेमलेला, बांधकाम विभागाचा कार्यकारी अभियंता नेमलेला, पण मंडळाच्या 'कार्यकारिणी'चा सदस्य निवडलेला, आणि 'कार्याध्यक्ष'ही बहुतेक ठिकाणी निवडलेला.

8. ट्रस्ट, मंडळ, शाळा

संस्थेत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव किंवा सरचिटणीस, सहसचिव, कोषाध्यक्ष किंवा खजिनदार, आणि विश्वस्त. नव्या कार्यकारिणीची निवड झाली की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल द्यावा लागतो. दोन जण आपणच अध्यक्ष असं म्हणत असतील तर शेड्यूल वनचा, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा मागा. नोंद कुणाची आहे ते त्यावर असतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव. तुमचं लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर या समितीत जरूर जा. पद लहान दिसतं, पण शाळेचा पैसा कशावर खर्च होतो हे तिथं कळतं.

9. सोडतीची भाषा

'गाव महिलेला सुटलं', 'गट ओबीसीला सुटला' असं ऐकाल. सुटणं म्हणजे आरक्षण सोडतीत ती जागा त्या प्रवर्गाला येणं. सोडतीच्या तक्त्यात नामाप्र असतं, म्हणजे नागरिकांचा मागास प्रवर्ग, बोलण्यातला ओबीसी. 'सर्वसाधारण' म्हणजे कुणालाही लढता येणारी जागा, ती खुल्या प्रवर्गासाठी राखीव नसते. 'सर्वसाधारण महिला' म्हणजे कुठल्याही समाजाची महिला. आमच्या वस्तीतल्या एका चांगल्या कार्यकर्तीला 'सर्वसाधारण आपल्यासाठी नसतं' असं सांगून घरी बसवलं गेलं होतं. तसं कुणी सांगितलं तर तहसीलमध्ये जाऊन निवडणूक शाखेत विचारा.

10. आता अर्ज लिहा

दुसऱ्या वेळी माझा अर्ज असा होता:

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी तथा प्रशासक,
जिल्हा परिषद, (जिल्ह्याचं नाव)

मार्फत: मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, (तालुक्याचं नाव)

विषय: मौजे (गाव) येथील ओढ्यावरील वाहून गेलेला नळकांडी पूल बांधणेबाबत

प्रत माहितीस्तव: मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद
प्रत माहितीस्तव: मा. आमदार, (मतदारसंघाचं नाव) विधानसभा मतदारसंघ

सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, पुलाचे फोटो आणि गावकऱ्यांच्या सह्या. तुमच्या जिल्हा परिषदेत सदस्य बसलेले असतील तर पहिल्या ओळीत अधिकाऱ्याचं पदनाम 'प्रशासक' वगळून लिहा आणि एक प्रत 'मा. सभापती, बांधकाम समिती, जिल्हा परिषद' यांना द्या. पद, मग सभेचं किंवा संस्थेचं नाव, मग ठिकाण, या तिन्हीपैकी एकही गाळू नका. माणसाचं नाव लिहू नका. माणूस बदलतो, मग कागद कुणाचा यावर पुन्हा वेळ जातो.

यावेळी आठव्या दिवशी शाखा अभियंता पाहणीला आले. मी त्यांना ओढ्यावर घेऊन गेले तेव्हा त्यांच्या हातातल्या फाइलवर आमच्या अर्जाचा आवक क्रमांक होता.

प्रत्येक प्रतीची पोच वेगळी घ्या, शिक्का आणि आवक क्रमांक दिसेल असा फोटो काढा. पाठपुराव्याला गेलात की खिडकीवर पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच येतो.